भैरवगढचा रंग

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५, सकाळचे साडेदहा. स्थळ उज्जैन, नानाखेडा बसस्थानकामागचे एक तपासणी केंद्र. सुलभा पाचव्या वार्षिक मॅमोग्राफीसाठी बाकावर बसली होती. शेजारी तिचे यजमान अरविंदराव, त्याच सकाळी नव्या पांढऱ्या सदऱ्याची घडी मोडून आलेले, आधीच्या चार अहवालांची फाईल छातीशी धरून होते.

"एवढी घाबरतेस कशाला? चारही वर्षांचे कागद स्वच्छ आहेत."

"अक्काचेही होते."

अक्का ही सुलभाची थोरली बहीण. निर्दोष अहवाल हाती आल्यानंतर आठ महिन्यांत ती गेली. चाळीस वर्षे वकिली केलेल्या अरविंदरावांना या पुराव्याची उलटतपासणी कधीच साधली नव्हती.

विषय बदलावा म्हणून सुलभा म्हणाली, "इथल्या भैरवगढच्या छपाईची ती लाल चादर मी टाकून देणार आहे. तीन महिने झाले, तुमच्या प्रत्येक बनियनवर डावीकडे तांबूस डाग."

"दोष चादरीचा नाही. तू सगळं एकत्र भिजवतेस, त्याचा आहे."

"मग उद्यापासून आपणच धुवा, वकीलसाहेब."

आत यंत्रावरची मुलगी म्हणाली, "आंटी, थोड़ा दबेगा. साँस रोकिए." सुलभाने डोळे मिटले. श्वास रोखला तसा अक्काचा चेहरा समोर आला, तो श्वास सोडल्यावरही हलला नाही.

दोन तासांनी डॉक्टर अंबिका यांनी दोघांना आत बोलावले आणि फिल्म उजेडावर धरली.

"ऊती दाट आहे, काकू. यात सगळंच पांढरं दिसतं, गाठसुद्धा. धुक्यात बगळा शोधावा तसं. म्हणून सोनोग्राफीही करून घेतली."

"म्हणजे तुमचं यंत्र छातीठोक काही सांगत नाही," अरविंदराव म्हणाले. "मग दरवर्षी आम्ही येतो कशासाठी?"

"यंत्र म्हणजे साक्षीदार, काका. पुढ्यात ठेवाल तेवढंच बघतो."

"अशा साक्षीवर कोणतं न्यायालय..." मुद्दा ठसवण्यासाठी त्यांनी फाईल मेजावर ठेवली आणि फिल्मकडे बोट केले.

डॉक्टरांची नजर बोटाच्या मागे गेली नाही.

"सदऱ्यावर हे काय?"

"भैरवगढचा रंग," सुलभाच ओशाळून बोलली. "चादरीबरोबर धुतलं की लागतो."

"हा सदरा कितीदा धुतलाय?"

सुलभाने सदऱ्यावरच्या दुकानातल्या घड्यांवरून बोट फिरवले; तो अजून एकदाही पाण्यात गेला नव्हता.

डॉक्टरांनी अरविंदरावांना तपासणीच्या खाटेवर निजायला सांगितले आणि पडदा ओढला.

बाहेर येऊन हातमोजे उतरवत त्या म्हणाल्या, "काकू, तुमच्या दोन्ही तपासण्यांत काही नाही. सदऱ्यावर रंग नाही, रक्त आहे; गाठ काकांच्या छातीत आहे."