पलंगाखालच्या चपला

थिरीने चपला दाराबाहेर काढल्या नाहीत. हातात धरून सरळ आत आली आणि शिवानीच्या पलंगाखाली पार भिंतीपर्यंत ढकलल्या.

आठ वर्षांच्या शिवानीला मोठं नवल वाटलं. थिरी वरच्या मजल्यावरची, म्यानमारहून आलेली. बुद्धाच्या मूर्तीकडे ही पोरगी चुकूनसुद्धा पाय करून बसत नसे. आणि आज तिची आई दिल्लीला गेली म्हणून पहिल्यांदाच मुक्कामाला आली, तर चपला घरात?

"बाहेर ठेव गं," शिवानीची आजी, विमलाबाई म्हणाल्या. "आपल्या तारनाक्यात कोण नेतंय तुझ्या चपला?"

"नक्को, आजी." दोन वर्षांत थिरी एवढी हैदराबादी झाली होती.

शिवानी कसली गप्प बसतेय. तिने पिच्छाच पुरवला, तेव्हा कुठे थिरी हळू आवाजात बोलली. "आमच्याकडे पाहुणा राहिला तर कचेरीत नाव लिहावं लागतं. सैनिक येऊन दारातल्या चपला मोजतात. एकदा एक जोडी जास्त निघाली. मामाची."

"मग?"

"मामाला नेलं. चपला राहिल्या."

"इथं कुणी मोजत नाही," शिवानी म्हणाली. थिरीला ते पटलं नाही. तुम्हाला त्रास नको, मी वर एकटीच राहते म्हणत तिने पिशवी उचलली.

 शिवानी उठली आणि घरभर धावत सुटली. बाबांचे ऑफिसचे बूट, आईच्या लग्नातल्या सँडल, न्हाणीघरातल्या स्लिपर, स्वतःचे फाटके कॅनव्हासचे बूट, जे सापडेल ते तिने दाराबाहेर नेऊन मांडलं.

"आता मोजू दे कुणाला मोजायचं ते," ती धापा टाकत म्हणाली.

विमलाबाईंनी स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. एरवी असला पसारा बघून त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आज त्या कपाटाकडे गेल्या. सहा वर्षं कापडात गुंडाळून ठेवलेले, कुणाला हात लावू न दिलेले कोल्हापुरी जोडे त्यांनी बाहेर आणले आणि रांगेच्या मधोमध ठेवले.

"हे कुणाचे?" थिरीने विचारलं.

"आमच्या मालकांचे. आलंच कुणी मोजायला, तर मी बघते."

थिरीने पिशवी खाली ठेवली. मग पलंगाखाली शिरली, आपल्या चपला काढल्या आणि आजोबांच्या जोड्यांशेजारी नीट लावून ठेवल्या. टाचा घराकडे, तोंड जिन्याकडे.