नॅन्सांचा बाक

जेबेझ पेंडर टोपी हातात घेऊन चॅपलच्या दारात उभा राहिला, तेव्हा टॅमसिनने डोळे मिटून देवाचे आभार मानले. तो खरंच आला होता. निळा विणलेला स्वेटर धुतलेला, दाढी नुकतीच केलेली, हनुवटीवर कापल्याची रेघ.

वर्षभर रोज सकाळी ती याच एका गोष्टीसाठी गुडघे टेकत होती. टेकडीवरच्या या चॅपलात, वरच्या चॅपलात, तिला धरून पाच सभासद उरले होते. सहा नसतील तर कुलूप, असं चर्चच्या मंडळाने कळवलं होतं, आणि रेव्हरंड जॉयस आज त्याचाच निकाल लावायला आल्या होत्या. गावात त्यांच्या मेथडिस्ट पंथाचा आणखी एकच माणूस उरला होता, खालच्या चॅपलचा जेबेझ. धक्क्याजवळचं ते कोळ्यांचं चॅपल केव्हाच विकलं गेलं होतं. आता तिथे उन्हाळ्यात लंडनची माणसं राहत, आणि प्रवचन व्हायचं त्या जागी गरम पाण्याचा टब होता.

केशराचा केक घेऊन टॅमसिन स्वतः उतार उतरून जेबेझला बोलवायला त्याच्या घरी गेली होती.

"आत ये आणि दार लाव बाबा, वारा येतोय," थर्झा हॉस्किंग आपल्या बाकावरून ओरडून म्हणाली. "तुम्हा खालच्यांना दारं लावायची सवयच नाही."

"सवय होती गं. दार विकलं," जेबेझ म्हणाला.

कोणीतरी खुदकन हसलं. रेव्हरंड जॉयसही हसल्या. त्याच्यासाठी आणलेलं सभासदाचं कार्ड त्यांच्या हातात होतं. "या, बसा पेंडर. गीत झालं की सगळ्यांसमोर तुमचं नाव घेते."

जेबेझला कमी ऐकू येई. तो सरळ पुढे गेला, घराण्यांच्या नावाने राखलेल्या बाकांपैकी दुसऱ्याचं छोटं लाकडी दार उघडून आत बसला. बाक करकरला. कितीतरी वर्षांनी करकरला.

टॅमसिन बरोबर त्याच्या मागे होती. लहान मुलाला सांगावं तशी ती हळूच म्हणाली, "तिथं नको रे, जेबेझ. तो नॅन्सांचा बाक आहे."

"काय?" त्याने कानामागे हात धरला.

आता तिला गप्प बसता आलं असतं.

"नॅन्सांचा बाक आहे," ती मोठ्याने म्हणाली.

"येणारेत का ते?"

बाकाचे मूळ मालक कॅप्टन नॅन्स, त्यांची शेवटची नात ऑस्ट्रेलियात वारली होती. सगळ्यांना ठाऊक होतं. "नाही," टॅमसिन म्हणाली, "पण..."

"मागे बस की," थर्झा तशीच ओरडून म्हणाली. "मागे सगळं मोकळंच आहे. दारंही नाहीत त्यांना, उघडायला नको की लावायला नको."

जेबेझने मान वळवली. मागे गॅलरीखाली, भिंतीशी, पाठ नसलेले बाक होते, बाकाचं भाडं न परवडणाऱ्या कोळ्यांसाठी एके काळी ठेवलेले. त्याने ते बराच वेळ पाहिले.

"ठाऊक आहेत मला ते," तो म्हणाला. "माझ्या आजोबांचे आजोबा तिथूनच उठून गेले आणि त्यांनी खाली चॅपल बांधलं. माझ्याच्याने या वयात आणखी एक बांधणं व्हायचं नाही."

तो उठला. बाकाचं दार लावलं, कडी बसवली. "केक छान झाला होता, टॅमसिन," म्हणाला, आणि टोपी घालून बाहेर पडला. जाताना चॅपलचं दारही त्याने नीट ओढून घेतलं.

"कोणीतरी हाक मारा ना त्यांना," रेव्हरंड जॉयस म्हणाल्या.

कोणी हललं नाही. उतारावरून त्याच्या बुटांचा आवाज येत होता, मग तोही येईनासा झाला.

रेव्हरंड जॉयसनी कार्ड परत पिशवीत टाकलं. "म्हणजे पाचच," त्या म्हणाल्या.

"पाच का होईना," थर्झा म्हणाली, "आपापल्या जागी आहोत."

प्रार्थना सुरू झाली. टॅमसिनच्या बाकापुढे बाजूच्या गॅलरीचा लोखंडी खांब होता. तिच्या ट्रेम्बाथ घराण्याची जागा तीच, तिच्या आईची, आजीची. लहानपणापासून तिथे बसून तिला प्रवचन करणाऱ्याचा चेहरा कधी सरळ दिसला नव्हता. खांबाच्या पुढे नॅन्सांचा बाक रिकामा होता. तिने सवयीने मान डावीकडे कलती केली आणि हात जोडले.