क्लिपांना दिवस दुप्पट

"साधे स्क्रू मारून घे आणि आठवड्यात अंगणातल्या लाकडी डेकचं काम उरकून टाक," असं सासूबाई प्रवासाला निघताना माझ्या धाकट्या दिराला बजावून गेल्या होत्या. भावजींनी मानही डोलावली होती.

पण सुतारकाम करायला आली ती एक हसरी मुलगी. सागवानी फळ्या अंगणात रचून तिने विचारलं, "वरून स्क्रू मारू, की फटीत लपणाऱ्या क्लिपा लावू? क्लिपांनी वरचा भाग अगदी साफ दिसतो, पण दिवस दुप्पट लागतात."

"क्लिपा!" भावजी इतक्या जोरात म्हणाले की शेजाऱ्यांनी खिडकी उघडली. चहा निवायचीसुद्धा वाट न बघणारा हा माणूस पंधरा दिवस तिच्या शेजारी बसून एकेक क्लिप तिच्या हातात देत राहिला.

शेवटच्या दिवशी तिने हत्यारं आवरली. "आता एखादी फळी हलली तरच बोलवा हं ताई," असं म्हणून ती हसत निघून गेली.

"वहिनी, मी तिला काही विचारलंच नाही हो!" भावजी रडवेले झाले.

"मग पंधरा दिवस काय मूग गिळून बसला होतात? उद्या येईल ती. माझा शब्द!"



खोटं बोलायचं नाही हा माझा रोजचा नेम. म्हणून तिला फोन करण्याआधी मी स्क्रूड्रायव्हर पदराआड घेतला आणि काठाची एक फळी खरोखरच सैल करायला गुपचूप निघाले.