सिनेमाखाली टाकलेलं मत

टीव्हीवाल्यांनी नाताळला नेटवर टाकलेला लव्हस्टोरीवाला सिनेमा मोबाइलवर संपला आणि खालची मतं वाचून सावनीचं डोकं फिरलं. 'साखरपुडा मोडून पळाली, निर्लज्ज बाई.' हिने तावातावाने ठोकलं, 'बरोबर केलंन तिने. माझापण रविवारी साखरपुडा आहे. मी शनिवारीच पळणार.'

पाठवल्यावर वर नाव उमटलं, परशुराम घाग. मोबाइल बाबांचा जुना, खातंही त्यांचंच. ती ते पुसेपर्यंत खाली कुणीतरी 'शाबास' लिहिलंन. म्हणजे लोट्याच्या कारखान्यातून निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये बाबांच्या खिशातला मोबाइलपण वाजला असणार.

सहाला बाबा आले. चपला काढल्या, डबा ठेवला, नेमके दारातच बसले.

"पिक्चर बघितलास?"

"हो."

"त्या पोरीचा बाप काय करीत होता गो?"

सावनीने त्यांचा डबा उचलला. "बाप... दाखवलाच नाय त्यात."

"हां. तरीच पळाली." बाबांनी आपला मोबाइल पुढे केला. "मुलाकडच्यांना फोन लाव. मी बोलतो."