मोठे मणी

उमेळ्याच्या भातगिरणीत भात वर नेणारी साखळी झिजून लांबली होती, दातेरी चाकावरून निसटायची. पास्कूमिस्त्रीनं नवी मागवायचं ठरवलं. तो चाक फिरवत राहिला आणि त्याची बायको मोनी जपमाळेच्या एकेका मण्यावर एकेक कडी मोजत गेली. "माळेचे दोन फेरे," ती म्हणाली. फेऱ्याला 'नमो मरिया' प्रार्थनेचे पन्नास मणी, असा पास्कूचा हिशेब. त्यानं शंभर कड्या लिहून पाठवल्या. मुंबईहून साखळी आली ती आठ कड्यांनी आखूड. ऐन हंगामात गिरणी ठप्प. "मोजलं कुणी?" गिरणीचे शेठ कडाडले. मोनीचं बोट माळेतल्या मोठ्या मण्यावर थबकलं, तसं पास्कूला उमगलं. दर फेऱ्यातले 'आमच्या बापा' प्रार्थनेचे चार मोठे मणी तो विसरलाच होता. "मीच, शेठ. आठ कड्या उद्या आणतो." एरवी प्रार्थनेला विडी घेऊन सटकणारा पास्कू त्या संध्याकाळी मोनीशेजारी गुडघे टेकून म्हणाला, "मोठे मणी माझे."