यादीतलं खोटं नाव

"यादीतलं एक नाव खोटं आहे," एवढं बोलून सरकारी साहेबांनी फाईल मिटली, आणि रोवीनाची नजर आपसूक मागच्या बाकावरच्या हॉलिसकडे गेली.

वर्गात अकरा माणसं होती. मोज्यांची गिरणी यंत्रांसकट होंडुरासला हलली, तेव्हा सरकारने तिच्या कामगारांना नवं शिक्षण आणि शिकून होईपर्यंत दर आठवड्याला भत्ता देऊ केला. ही अकरा माणसं डोंगरपायथ्याच्या कॉलेजात रुग्णसेवा शिकत होती. त्यांतल्या एकाने गिरणीत कधी पाऊलच टाकलं नव्हतं, म्हणे.

"कोण ते आम्हालाही ठाऊक नाही. हजेरीची पुस्तकं यंत्रांबरोबरच जहाजात चढली," साहेब म्हणाले. "शुक्रवारी येतो. तोवर सगळ्यांचाच भत्ता थांबेल. तुम्ही एकमेकांना ओळखता. मला नाव हवंय."

चार महिन्यांत प्रमाणपत्र हातात पडणार होतं. काउंटीच्या रुग्णालयातल्या मुख्य परिचारिकेने तिला जागा जवळजवळ कबूल केली होती. चाळिशी उलटलेल्या बाईला अशी संधी देव दुसऱ्यांदा देत नाही. शुक्रवारच्या आत साहेबांना नाव मिळायलाच हवं होतं.

हॉलिस वर्गात सर्वांत शेवटी आला होता, नाताळ झाल्यावर. उंच, अबोल माणूस. मधल्या सुट्टीत रोवीना कॉफी घेऊन त्याच्यासमोर जाऊन बसली.

"तुम्ही कुठल्या खात्यात होता?"

"विणकामाला. रात्रपाळी, मागची इमारत."

"मीही रात्रपाळीलाच. अठरा वर्षं. तुम्ही कधी दिसला नाहीत."

"तुम्हीही नाही दिसलात," तो म्हणाला आणि कॉफी ढवळत राहिला.

एवढंच. ना कुणाची आठवण काढली, ना कुणाची चौकशी केली. रोवीना उठली ती थेट वर्गातल्याच वेल्माकडे गेली.

"त्याची नखं बघितलीस? विणकामातल्या माणसाची नखं इतकी स्वच्छ?"

"गिरणी बंद होऊन वर्ष झालं, बाई," वेल्मा म्हणाली. "माझ्याही नखांतलं तेल निघालं आता. नवरा म्हणतो, हात लावला की दुसऱ्याच बाईचा वाटतो. खूश असतो बिचारा."

वेल्माला प्रत्येक गोष्टीत थट्टा सुचायची. रोवीनाला हसू आलं नाही. दोन दिवस तिने हॉलिसवर पाळत ठेवली. तो गाडी लांब लावायचा. डबा एकटाच खायचा. खिशातल्या वहीत काहीतरी टिपायचा. बुधवारी दुपारी तिने ओलेटाला गाठलं. एकतीस वर्षं दिवसपाळीला काढलेली ओलेटा सगळ्यांत वडील. तिचा शब्द कुणी मोडत नसे.

"मिस ओलेटा, एक सांगायचं होतं," रोवीना कुजबुजली.

"हात काढ तोंडावरून. मला कळत नाही कुजबुजलेलं."

रोवीनाने हात खाली घेतला. "मला कुणाची चहाडी करायची नाही. पण तो हॉलिस मला सरळ वाटत नाही. गिरणीचा विषय निघाला की गप्प. आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत म्हणून बघणार नाही. सारखा तोंडाकडे बघतो. लबाड माणसाचं लक्षण आहे ते."

ओलेटाने हातातला घास डब्यात परत ठेवला.

"तोंडाकडे बघतो?"

"सारखा."

"बरं झालं सांगितलंस, पोरी." ओलेटाने आपल्या डब्याचं झाकण नीट बसवलं. "उद्या सगळे एका टेबलावर जेवू. हॉलिसलाही बोलवते. घास घेण्याआधी प्रार्थना मी सांगेन."

"त्याने काय होणार?"

"देवासमोर खोटं फार वेळ बसत नाही."

रोवीनाला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तिने केळ्याचं पुडिंग केलं, मोठं भांडं भरून. इतक्या लोकांचा भत्ता वाचणार, म्हणजे पुण्याचंच काम, असं तिने मनाशी म्हटलं.

जेवणाच्या सुट्टीत दोन टेबलं जोडली होती. रोवीना मुद्दाम हॉलिसच्या समोर बसली. त्याचा चेहरा पडेल तेव्हा तिला तो बघायचा होता. वेल्माने पुडिंगमध्ये बोट बुडवून चाखलं, कुणीतरी तिला दटावलं.

"आज गिरणीतल्यासारखी प्रार्थना करू," टेबलाच्या टोकाला बसलेली ओलेटा म्हणाली. "हात धरा एकमेकांचे."

सगळ्यांनी हात धरले. लहानपणापासून चर्चमध्ये करत आली तशी रोवीनाने मान खाली घातली आणि डोळे घट्ट मिटले.

शांतता पसरली. कोपऱ्यातल्या फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती. ओलेटा अजून सुरुवात कशी करत नाही? शब्द जुळवत असेल म्हातारी. रोवीना थांबली. आणखी थांबली.

एवढ्यात समोरून फिस्सकन हसण्याचा आवाज आला. हॉलिस. भर प्रार्थनेत हसला मेला. रोवीनाच्या छातीवरचं ओझं उतरलं. आता कुणाला पुराव्याची गरज उरली नव्हती.

"आमेन," सगळे एका सुरात म्हणाले. त्यात हॉलिसचा घोगरा आवाजही होता. रोवीनाचं आमेन मागाहून आलं, एकटंच.

तिने डोळे उघडले. टेबलावर कुणाचीच मान खाली नव्हती. दहाही जण तिच्याकडे बघत होते.

"ऐंशी यंत्रं धडधडत असताना देवाचं नाव कानांनी ऐकू येत नाही, पोरी," ओलेटा हळू आवाजात म्हणाली. "गिरणीत आम्ही सगळे डोळे उघडे ठेवून प्रार्थना करायचो, सांगणाऱ्याचे ओठ वाचत. आत्ताही मी ती नुसत्या ओठांनीच सांगितली. तूच सांग, हॉलिसला हसू कशाचं आलं?"