तुरीचं कुटार

तूर मळून झाली. उरलेलं कुटार जाळायला थोरल्या दिरानं खिशातून काडेपेटी काढली, तशी पार्बता ढिगापुढं आडवी आली.

"थांबा जी भाऊजी! माझ्या शेळ्या खातील."

"कचरा खाऊ घालते म्हणे!" जाऊ खो खो हसली. पार्बतानं मात्र जुन्या लुगड्यात गाठोडी बांधून सगळं कुटार घरी वाहून नेलं.

वैशाखात रानात हिरवं पान उरलं नाही. जावेच्या शेळ्यांच्या बरगड्या वर आल्या. पार्बताच्या काळ्या शेळीनं तीन पिलं दिली, आणि तिघांनाही पुरून उरेल एवढं दूध तिच्या कासेत होतं.

शेवटी भाऊजी रिकामं पोतं घेऊन दारात आले. "थोडं कुटार देतेस का, बाई?"

पार्बतानं पोतं ठासून भरलं आणि हात पुढं केला.

"आधी ती काडेपेटी द्या."